नेटबुक जुनं, कुलूप नवं

जुनं नेटबुक वायफायला जोडायचं म्हटलं की कुणीतरी हमखास सल्ला देतो, "अरे राउटरवर जुना मोड लावून टाक ना, तेवढ्यापुरतं काय होतंय." सल्ला चांगल्या मनानंच दिलेला असतो आणि अडचण खरंच सुटते पण, मशीन जोडलं जातं, पान उघडतं, सगळे खूश. मग तो जुना मोड तसाच राहतो, कारण चालू असलेल्या राउटरला कोण कशाला हात लावतंय, आणि त्या एका मशीनपायी बाकीचे सगळे फोन, लॅपटॉप त्याच कच्च्या नेटवर्कवर वर्षानुवर्षं बसून राहतात. मला या सल्ल्याची चीड आहे. मशीन जुनं असेल तर मशीनला वर आणा, नेटवर्कला खाली कशाला ओढताय? आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) असलेल्या नेटबुकवर हे जमतं, खटपट लागते पण जमतं.

नेटबुक म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, इतकी ती चीज गायब झालीय: छोटा, हलका, स्वस्त लॅपटॉप. २००७ मध्ये असूसचं ई-पीसी ७०१ आलं, सात इंची स्क्रीन, ८०० बाय ४८० पिक्सेल, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची एसएसडी, प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन आणि तोही ६३० वर दाबून ठेवलेला. त्यात झँड्रॉस नावाचं लिनक्स. पुढच्या वर्षी एसरचं ॲस्पायर वन आलं, त्यात लिनपस आणि इंटेलचा ॲटम. लिनक्स टाकूनच आलेलं मशीन कितीतरी लोकांनी तेव्हा पहिल्यांदा हातात धरलं. मग विंडोज एक्सपी त्यात घुसलं, मग टॅब्लेट आले आणि सगळं आटोपलं. पण मशीनं मेली नाहीत. माझं अजून चालतं, मी त्यावर फक्त लिहितो, कारण दुसरं काही धड चालतच नाही त्यावर आणि लिहिणाऱ्यासाठी हा केवढा मोठा गुण आहे हे लिहिणाऱ्यालाच कळतं. पण लिहिलेलं कुठेतरी पाठवायला लागतं, आणि तिथे वायफाय येतं.

आता तो "जुना मोड" म्हणजे नक्की काय ते बघू, कारण चीड का येते ते त्याशिवाय कळणार नाही. सगळ्यात जुना म्हणजे डब्ल्यूईपी, वायफायवरून जाणारा डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायची पहिली पद्धत. त्यात आरसी४ नावाचा सायफर म्हणजे कुलूप लावायची कृती, गुप्त किल्ली ४० बिट नाहीतर १०४ बिट, आणि प्रत्येक पॅकेटबरोबर, म्हणजे डेटाच्या तुकड्याबरोबर, २४ बिटचा एक आकडा जायचा, ज्याला आयव्ही म्हणतात. गंमत अशी की हा आकडा उघडाच जायचा, कुणालाही दिसेल असा, आणि किल्लीच्या पुढे तोच चिकटवून पॅकेट एन्क्रिप्ट व्हायचं. २४ बिट म्हणजे जवळपास १ कोटी ६७ लाख वेगवेगळे आकडे. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण गजबजलेल्या नेटवर्कवर पॅकेटं इतकी पळतात की काही तासांत ते संपतात आणि मग तेच आकडे परत यायला लागतात. तोच आकडा परत आला म्हणजे तोच कीस्ट्रीम (डेटात मिसळायची बिटांची माळ) परत वापरला गेला, आणि स्ट्रीम सायफरमध्ये याहून मोठं पाप नाही. त्यात २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिलं की काही विशिष्ट आयव्हींतून किल्लीचेच तुकडे बाहेर गळतात. २००७ पर्यंत तर डार्मस्टाटच्या तिघा संशोधकांनी १०४ बिटची किल्ली मिनिटभराच्या आत काढून दाखवली. म्हणजे योगायोग बघा, ज्या वर्षी ई-पीसी बाजारात आलं त्याच वर्षी डब्ल्यूईपीचा पुरता निकाल लागलेला होता, आणि तरी कितीतरी नेटबुकं आयुष्यभर त्याच्यावरच चालली.

मग डब्ल्यूपीए. २००३ मध्ये हा आला तो घाईघाईत केलेली मलमपट्टी म्हणून. लोकांकडे लाखो जुनी वायफाय कार्डं होती, ती सगळी आरसी४ करू शकायची, त्यापेक्षा जड काही त्यांच्या चिपला झेपायचं नाही. म्हणून टीकेआयपी नावाची युक्ती काढली: आतमध्ये आरसी४ च, पण प्रत्येक पॅकेटला किल्ली वेगळी, आयव्ही ४८ बिटचा, आणि पॅकेट कुणी मध्येच बदललं का हे तपासायला मायकेल नावाचा कोड. हा मायकेल जाणूनबुजून हलका ठेवला होता, त्या जुन्या कार्डांना झेपावा म्हणून. तो कच्चा आहे हे करणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून वर आणखी एक नियम घातला: एका मिनिटात दोनदा तपासणी चुकली तर राउटरनं ६० सेकंद या किल्ल्यांचं काम बंद ठेवायचं. मला हा नियम भारी वाटतो, कारण त्यातून डिझाइन करणाऱ्यांची हतबलता अगदी उघडी दिसते. लगेच २००४ मध्ये ८०२.११आय म्हणजे आपण ज्याला डब्ल्यूपीए२ म्हणतो ते पक्कं झालं, त्यात एईएस नावाच्या मजबूत सायफरवर उभी असलेली सीसीएमपी ही पद्धत आली. मलमपट्टीचं काम तिथे संपायला हवं होतं.

संपलं नाही, कारण मिक्स्ड मोड. राउटरच्या पानावर डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ दोन्ही चालतील असा पर्याय असतो आणि तो दिसायला फार समंजस दिसतो, ज्याला जे जमेल ते त्यानं घ्यावं. आतमध्ये मात्र असं होतं की तुमचं आणि राउटरचं खाजगी बोलणं एईएसमध्ये होऊ शकतं, पण सगळ्यांना उद्देशून जे ब्रॉडकास्ट जातं त्याची किल्ली सगळ्यांची एकच असते, ग्रुप की म्हणतात तिला, आणि ती सगळ्यात अडाणी मशीनला समजेल अशीच ठेवावी लागते, म्हणजे टीकेआयपी. थोडक्यात वर्गातल्या एकाला पाढे येत नाहीत म्हणून अख्ख्या वर्गाला पुन्हा बालवाडीत बसवायचं. बरं, शुद्ध टीकेआयपी लावलं तर वेगही जातो, कारण ८०२.११एन या पुढच्या वायफाय मानकाचे वाढीव वेग टीकेआयपीवर द्यायचेच नाहीत असा नियम आहे, मग नव्याकोऱ्या राउटरवर नवाकोरा लॅपटॉप ५४ एमबीपीएसवर अडकतो आणि माणूस इंटरनेटवाल्यांना शिव्या घालत बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं ज्या बिचाऱ्या नेटबुकच्या नावानं केलं जातं त्याला मुळात याची गरजच नसते! टर्मिनल उघडून एलएसपीसीआय मारलं की कुठलं कार्ड आहे ते दिसतं, सुरुवातीच्या ई-पीसीत आणि ॲस्पायर वनमध्ये बऱ्याचदा अथेरॉसचं निघतं. ही कार्डं ८०२.११जी या जुन्या मानकाची, २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारी, पण लिनक्स कर्नलमध्ये म्हणजे गाभ्यात ॲथ५के नावाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) त्यांच्यासाठी आहे आणि त्याच्या वर मॅक८०२११ नावाचा जो थर आहे तो एईएसचं काम कार्डाला येत नसेल तर स्वतः प्रोसेसरवर करून टाकतो. प्रोसेसर कितीही मरतुकडा असला तरी जीच्या वेगाला पुरेल एवढं एईएस त्याला येतं. म्हणजे २००८ चं मशीन डब्ल्यूपीए२ एईएसवर निवांत चालतं, काही खाली ओढायला नको.

मग लोकांचं जमत का नाही? कारण अडचण एन्क्रिप्शनच्या आधीच असते आणि खापर एन्क्रिप्शनवर फुटतं. पहिला संशयित म्हणजे रेडिओ बंद असणं. आरएफकिल लिस्ट असं टाइप केलं की दोन ओळी दिसतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड, येस किंवा नो. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक करून सुटतो, हार्ड असेल तर कमांड देऊन कितीही डोकं आपटा, काही होणार नाही, मशीनच्या कडेला नाहीतर पुढच्या बाजूला एक बारकं बटण असतं ते सरकवावं लागतं, किंवा एफएन दाबून कुठलीतरी फंक्शन की. नेटबुक बॅगेतून काढताना हे बटण सरकतं आणि माणूस तासभर कॉन्फिग फाइल उकरत बसतो. दुसरा संशयित फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत भरायचा प्रोग्रॅम. अथेरॉसच्या या जुन्या कार्डांना वेगळं फर्मवेअर लागत नाही, पण ब्रॉडकॉमचं कार्ड निघालं तर मात्र डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, स्पष्ट लिहिलेलं येतं की अमुक नावाची फाइल सापडली नाही. ती फाइल लिब फर्मवेअर फोल्डरमध्ये आणून टाकायची, पण आणायची कशी, तर इंटरनेटवरून, आणि इंटरनेटसाठीच तर ही सगळी मारामारी. ब्रॉडकॉमनं २०१० मध्ये आपल्या काही कार्डांचा ड्रायव्हर खुला केला तोवर लोकांनी विंडोजचे ड्रायव्हर एनडिसरॅपर नावाच्या जुगाडात घालून चालवले, ती पिढी वेगळीच. डेबियन नावाच्या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर अधिकृतपणे सोबत यायला २०२३ उजाडलं.

हे दोन्ही सरळ असेल आणि स्कॅनमध्ये नेटवर्कची नावं दिसत असतील तर उरलेलं काम डब्ल्यूपीए सप्लिकंटचं. यौनी मालिनेन नावाच्या फिनिश माणसानं लिहिलेला हा प्रोग्रॅम, लिनक्सवर वर्षानुवर्षं वायफायला पासवर्डनं जोडून देणारा बहुतेक वेळा हाच. वर नेटवर्क मॅनेजर असो नाहीतर आणखी काही, खाली राबतो हा. नेटवर्क मॅनेजरला पासवर्ड दिला की तो गपचूप जोडून देतो, त्यात बघण्यासारखं काही नाही. पण नेटबुकवर रॅम कमी, हलकं डेस्कटॉप नाहीतर नुसतं टर्मिनल असतं, म्हणून मी सप्लिकंटची फाइल हातानंच लिहितो आणि माझं प्रामाणिक मत आहे की एकदा तरी ती हातानं लिहावी, वायफायचा पासवर्ड म्हणजे नक्की काय असतो ते तिथे समोर दिसतं.

फाइल चार-पाच ओळींचीच. नेटवर्क असं लिहून महिरपी कंस, आत एसएसआयडी म्हणजे नाव, मग पीएसके म्हणजे पासवर्ड. इथे अवतरण चिन्हांचा खेळ आहे. पीएसके अवतरणात लिहिलं तर सप्लिकंट त्याला तुमचं पासवर्डाचं वाक्य समजतो, ८ ते ६३ अक्षरांचं. अवतरणाशिवाय लिहिलं तर तो ६४ हेक्स अक्षरांची (० ते ९ आणि ए ते एफ) तयार किल्ली शोधतो आणि ती नसेल तर फाइलच नाकारतो, ओळ नंबरसकट सांगून. हे वाक्य आणि ही किल्ली यांच्यातलं नातं असं: तुमचं वाक्य घ्यायचं, त्यात नेटवर्कचं नाव मीठ म्हणून टाकायचं, आणि एसएचए१ नावाच्या गणिती गिरणीतून ४०९६ वेळा फिरवायचं, की २५६ बिटची किल्ली निघते. नेटबुकलाही हे क्षणभराचं काम. पण ज्याला तुमचं वाक्य अंदाजानं शोधायचंय त्याला प्रत्येक अंदाजासाठी हे ४०९६ फेरे घ्यावे लागतात, मुद्दाम त्याचीच कंबर मोडावी म्हणून ते ठेवलेत. नाव त्यात मिसळलेलं असल्यामुळे राउटर कंपनीनं दिलेलं ठरावीक नाव तसंच ठेवण्यात तोटा असतो, त्या नावांसाठी आधीच हिशोब करून ठेवलेले तक्ते वापरता येतात. म्हणून नाव बदलावं, काहीही ठेवा.

हा हिशोब करून द्यायला डब्ल्यूपीए पासफ्रेज नावाची छोटी कमांड सोबतच येते. तिला नाव आणि वाक्य द्या, ती तयार ओळी छापते. आणि ती काय छापते ते नीट बघा: ६४ अक्षरांची किल्ली तर छापतेच, पण तिच्या वर हॅशचं चिन्ह लावून, कॉमेंट म्हणून, तुमचं मूळ वाक्यसुद्धा जसंच्या तसं छापते. लोक ते सगळं फाइलमध्ये ओतून देतात आणि समजतात की पासवर्ड आता गुप्त झाला. ती कॉमेंटची ओळ उडवायची आणि फाइल चमॉड ६०० करून फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याला, वाचता येईल अशी ठेवायची. अर्थात ती किल्ली ज्याला मिळाली तो त्या नेटवर्कमध्ये शिरू शकतोच, त्याला वाक्याची गरजच नाही, पण तेच वाक्य तुम्ही आणखी चार ठिकाणी वापरत असाल तर निदान ती ठिकाणं वाचतात. नेटबुक हे मुळात हरवणारं मशीन आहे, लहान, हलकं, कुठेही राहून जाणारं, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर दुसऱ्या लिनक्सनं बूट करून ही फाइल कुणीही उघडू शकतं. हवेत एईएस आणि डिस्कवर उघडी किल्ली, अशी आपली तऱ्हा.

मग सप्लिकंट समोरच चालू करायचा, बॅकग्राउंडला न टाकता, म्हणजे तो काय बोलतो ते दिसतं. असोसिएट झालो म्हणतो, मग हँडशेक, म्हणजे एकमेकांची ओळख पटवणं. चार निरोपांची देवघेव असते. राउटर एक नवाकोरा यादृच्छिक आकडा पाठवतो, मशीन आपला एक पाठवतं, दोघं आपापल्या जागी त्या आकड्यांतून, दोघांच्या मॅक पत्त्यांतून (प्रत्येक वायफाय कार्डाचा क्रमांक) आणि त्या मूळ किल्लीतून या वेळेपुरती किल्ली तयार करतात, आणि एकमेकांना फक्त एवढंच पटवून देतात की माझ्याकडेही तीच आहे. पासवर्ड हवेत जातच नाही, कुठल्याच रूपात. मात्र हे चार निरोप बाहेरून कुणी टिपून ठेवले तर तो नंतर आपल्या घरी बसून आरामात अंदाज लावू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. म्हणून आठ अक्षरांचा पासवर्ड चालतो याचा अर्थ आठच ठेवावा असा नाही. चार-पाच असंबद्ध शब्दांचं लांब वाक्य ठेवा. वाक्य चुकलं तर सप्लिकंट सरळ सांगतो की फोर वे हँडशेक फसला, किल्ली चुकीची असू शकेल. फोनवर नुसतं "जोडता आलं नाही" असं येतं, इथे कारणासकट कळतं, मला तरी हे बोलणं आवडतं.

याच दरम्यान शहाणी माणसं आणखी दोन उपाय सुचवतात. एक, नेटवर्कचं नाव लपवा. लपवलं की राउटर नाव ओरडायचं थांबवतो, पण मग नेटबुकच्या फाइलमध्ये स्कॅन एसएसआयडी बरोबर १ अशी ओळ टाकावी लागते, म्हणजे आता तुमचं मशीन जिथे जाईल तिथे तेच नाव घेऊन हाका मारत फिरतं. लपवलं कुणापासून? दोन, मॅक पत्त्यांची यादी करून बाकीच्यांना बंदी. मॅक पत्ता तर एन्क्रिप्ट केलेल्या फ्रेमवरही उघडाच असतो, बघून स्वतःचा बदलायला एक कमांड लागते. यातून आपल्यालाच त्रास. त्यापेक्षा राउटरवरचं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा, त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत काम होतं हे २०११ मध्येच उघड झालंय.

आता डब्ल्यूपीए३. २०१८ मध्ये आलं, त्यात एसएई नावाचा वेगळा हँडशेक, जो टिपून घरी नेऊन अंदाज लावता येत नाही, आणि मॅनेजमेंट फ्रेमना, म्हणजे जोडण्या-तोडण्याच्या निरोपांना, संरक्षण सक्तीचं. एसएईचं गणित सप्लिकंट सॉफ्टवेअरमध्ये करू शकतो, म्हणजे तेवढ्यापुरतं जुन्या मशीनचं काही अडत नाही, पण मॅनेजमेंट फ्रेमचं संरक्षण ड्रायव्हरला जमायला हवं. ते बघायला आयडब्ल्यू लिस्ट मारा, त्यात सायफरची यादी येते, तिच्यात सीमॅक दिसला तर आशा आहे. नाही दिसला तर डब्ल्यूपीए३ सक्तीचं असलेल्या नेटवर्कवर ते मशीन येणार नाही, आणि इथे पुन्हा तोच सल्ला येतो, ट्रान्झिशन मोड लाव, म्हणजे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील. हा टीकेआयपीच्या मिक्स्डइतका वाईट नाही हे मान्य, इथे निदान दोन्हीकडे एईएसच असतं. तरी माझा कल राउटरवर गेस्ट नेटवर्क वेगळं काढून त्याला डब्ल्यूपीए२ एईएस देण्याकडे आहे, वाक्यही वेगळं, जुनी मंडळी तिकडे राहतील आणि मुख्य नेटवर्क आपलं डब्ल्यूपीए३ वर. नाहीतर सरळ यूएसबीचं नवं वायफाय कार्ड लावा, कर्नलमध्ये ज्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे असं बघून.

एक फालतू वाटणारी पण छळणारी गोष्ट. मशीन जुनं असलं की मदरबोर्डवरची बारकी बॅटरी मेलेली असते, मग चालू करताना तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली असते. वायफाय जोडलं जातं, कारण या हँडशेकला तारखेशी देणंघेणं नाही, पण ब्राउझर प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट अवैध म्हणतो. मग पुन्हा वायफायच्या नावानं बोंब. तारीख बघा आधी.

मशीनला वर आणायचं म्हणतोय खरं, पण वर आणणारा दोर अपडेटचाच आहे आणि त्याची लांबी ठरलेली आहे. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ या संशोधकानं क्रॅक नावाचा हल्ला दाखवला, हँडशेकमधला तिसरा निरोप पुन्हा पाठवायचा आणि मशीनला तीच किल्ली परत बसवायला लावायची. त्यात सगळ्यात वाईट मार लिनक्सलाच बसला, सप्लिकंटची २.४ आणि पुढची आवृत्ती असेल तर किल्ली चक्क सगळी शून्यांची बसायची. दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये होती, डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे डेबियन-उबुंटूसारखी लिनक्सं बनवणाऱ्यांनी, लगेच दिली, जुन्या नेटबुकलाही नव्या लॅपटॉपइतक्याच लवकर मिळाली. पण सुरुवातीच्या बऱ्याच नेटबुकांतला ॲटम एन२७० हा ३२ बिटचा, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. उबुंटूनं तर हे दार केव्हाच लावून घेतलंय. म्हणजे माझं नेटबुक डेबियन १२ वर आहे आणि त्याच्या दुरुस्त्या येतात तोवर ते वायफायवर राहील. त्यानंतरचं मी आत्ताच ठरवून ठेवलंय, वायफाय कार्डाचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये टाकून बंद, आणि लिहिलेल्या फाइली पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर. लिहायला नेटवर्क लागत नाहीच, उलट ते नसलेलं बरं.